मदत हवी आहे: पेरूवर येणारे नारिंगी पंखांचे पतंग एकाच जातीचे की वेगवेगळे?

नमस्कार मंडळी,

आमचं घर कोल्हापूरजवळ वडणग्याच्या बाजूला आहे. परसात पेरूची झाडं आणि कुंपणावर दाट गुळवेल. पाऊस ओसरत आला की अंधार पडल्यावर पिकत्या पेरूंवर मोठे पतंग बसतात. बॅटरीच्या उजेडात त्यांचे डोळे चमकतात. फळावर सुईनं टोचल्यासारखं भोक पडतं, भोवती तपकिरी कडं धरतं आणि दाबलं की रस येतो. पुढं तिथूनच पेरू नासतो.

फोटो काढलेत, पण रंगांमुळे गोंधळ उडालाय. एकाचे पुढचे पंख वाळल्या पानासारखे, जवळजवळ एकरंगी तपकिरी, किंचित जांभळट झाक. दुसऱ्याच्या पंखांवर शेवाळी हिरवट नक्षी आणि मधोमध पांढुरका डाग. बसलेले असताना दोन्ही एका जातीचे असतील असं कुणी म्हणणार नाही. पण उडायच्या बेतात पंख उघडले की मागचे पंख दोघांचेही भडक नारिंगी, कडेला काळा पट्टा आणि आत मूत्रपिंडाच्या आकाराचा जाड काळा ठिपका. तिसरा मात्र वेगळा वाटतो: त्याच्या नारिंगी पंखावर सुटा, चक्क गोल काळा ठिपका आहे.

माझा अंदाज असा की पहिले दोन युडोसिमा फॅलोनिया (फळांचा रस शोषणाऱ्या पतंगांची एक जात), म्हणजे साधा तो नर आणि नक्षीदार ती मादी. गोल ठिपक्याचा तो युडोसिमा मटर्ना. (जुन्या शेतीच्या पुस्तकांत फॅलोनिया ‘ओथ्रिस फुलोनिया’ नावानं सापडतो, शोधताना लक्षात असू द्या.) पुढच्या पंखांचा रंग एकाच जातीत इतका बदलतो, तर ओळख मागच्या पंखांवरूनच पटवायची ना? आणि याच गटातली आणखी एक जात, युडोसिमा होमिना, ती यातून कशी वगळायची?

ओळख पक्की हवी, कारण प्रश्न गुळवेलीचा आहे. यांचे सुरवंट पेरूवर वाढत नाहीत, गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. शेजारचे काका म्हणतात वेल मुळासकट काढ. आई काढ्याला तीच वेल वापरते, आणि नुसत्या संशयावरून ती तोडायला माझं मन घेत नाही. शिवाय आजूबाजूच्या बांधांवर वासनवेल भरपूर आहे, तेव्हा आमची एक वेल काढून कितीसा फरक पडणार? तूर्त फळांना कागदी पिशव्या बांधतोय. फवारणी नको आहे, पतंग रात्री बाहेरून येऊन रस पिऊन जातात, त्यांच्यावर औषध लागणार कसं?

वेलीवर एक सुरवंटही दिसला: काळपट, अंगाच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठिपके, डोकं खाली दुमडून बसलेला. तो गुळवेलीच्या पानांवर बरणीत ठेवलाय. पतंग बाहेर पडला की मागच्या पंखांचा फोटो इथंच टाकतो. तोवर ज्यांनी हे पतंग पाळून पाहिलेत त्यांनी एवढं सांगावं: एकाच मादीच्या पिल्लांत पुढच्या पंखांचे रंग किती वेगवेगळे निघतात, आणि साधा तपकिरी दिसला की तो नरच समजावा का?