चौदाव्या वर्षी पोरांच्या हाती बँक खातं द्यावं का?

चोपड्याचा_कपाशीवाला
लेक नववीत आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) मामा-आजीनं दिलेले पैसे आजवर तिच्या आईच्या डब्यात जायचे. यंदा बँकेत नेऊन तिच्याच सहीनं चालणारं खातं काढलं. काउंटरवरचे साहेब म्हणे, "बापाच्या सहीचं काढा, कटकट नको." मी अडून बसलो. दहा वर्षांपुढच्या पोरांना स्वतः बचत खातं चालवायची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ सालीच दिलीय, २०२५ च्या एप्रिलात नव्यानं सूचनाही काढल्यात. मर्यादा किती आणि एटीएम कार्ड द्यायचं का, ते बँक ठरवते.

पहिल्याच महिन्यात ४०० रुपये काढून कानातलं घेतलं, आठवड्यात काळं पडलं. मी काही बोललो नाही. नंतर पासबुक छापून आणलं तर दीड हजारावर तिमाहीचं व्याज नऊ रुपये! तिला वाटलं बँक चुकली. हिशोब मांडून दाखवला तेव्हा गप्प झाली. माझं म्हणणं, चुका दीड हजारातच होऊ द्याव्यात. घरात मात्र आजोबांचा विरोध आहे. तुमचं काय?

धुळ्याचा_मामा
आजोबा बरोबर आहेत भो. आमच्या गल्लीत कॉलेजच्या पोरानं मित्राला खातं "वापरायला" दिलं, दोन हजार मिळाले म्हणून खूश. पुढे परराज्यातल्या पोलिसांचा फोन आला, खातं गोठलं, बाप वकिलाच्या दारात. फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरतात. आधी अठरा पूर्ण होऊ द्या.

चोपड्याचा_कपाशीवाला
मामा, कॉलेजचा म्हणजे त्याला अठरा झालेच असतील की. घरात कोणी आधी सांगितलं असतं तर? अठराव्या वर्षी ही होस्टेलवर असणार, तेव्हा मी कुठं पुरणार?

निवृत्त_कॅशियर_भुसावळ
तीस वर्षं काउंटरवर काढली. अल्पवयीनाच्या खात्यात शिलकीपेक्षा जास्त उचल मिळत नाही, शिल्लक जमेचीच राहते, म्हणजे कर्जाची भीती नको. अठरा झाले की नव्यानं सहीचा नमुना द्यावा लागतो, तो लोक हमखास विसरतात. आणि पिन कार्डाच्या पाकिटावर लिहिणारे मी पाहिले ते पोरं नव्हते हो, चांगले पेन्शनर होते!

सातपुड्याच्या_पायथ्याशी
तुमचं कानातल्यावर चाललंय. मी धडगावकडे शिकवतो. इथं शिष्यवृत्ती पोराच्या खात्यात येते, पण मेसेज भलत्याच मोबाइलवर जातो. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत. पोराला पैसे आले हेच ठाऊक नसतं. मी वर्गात एवढंच शिकवतो: खात्याला नंबर कोणाचा जोडलाय ते बघ, आणि पैसे काढायच्या केंद्रावर कोणी दुसऱ्यांदा अंगठा लाव म्हटलं तर आधी पहिल्याची पावती माग. आमच्याकडे हाच पहिला धडा.

जळगावची_आजी
मी आजोबांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. शिकवणारे आपण कोण? आमची ठेव एका पतसंस्थेत अडकली, पावती अजून ट्रंकेत आहे. पिग्मीवाला, म्हणजे रोजची बचत गोळा करणारा, रोज दारी यायचा, चहा घ्यायचा, घरचाच वाटायचा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला ते कवच नाही, हे मला पैसे अडकल्यावर कळलं. आणि मी पदवीधर आहे! लेकीला व्याज शिकवलंत, आता जास्त व्याज कोण देतो आणि का देतो, तेही सांगा.

चोपड्याचा_कपाशीवाला
आजी, हे मीच तिला सांगितलं नव्हतं. खरं तर मलाच नीट माहीत नव्हतं.

धुळ्याचा_मामा
बरं, पासबुकापुरतं खातं मान्य. पण मोबाइलवरून पैसे नकोत. नोट हातातून जाताना जीव तुटतो, बोटानं गेलेली कळतही नाही.

निवृत्त_कॅशियर_भुसावळ
यात मी मामांसोबत. वर्षभर तरी स्लिप भरूनच काढू द्या. आणि फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. "बाबा रागावतील" म्हणून पोरं दोन दिवस लपवतात, तोवर पैसे चार खात्यांतून पुढे गेलेले असतात.

धुळ्याचा_मामा
कपाशीवाले, आज पोरीला एकच विचारा: मैत्रीण म्हणाली, "माझे पैसे तुझ्या खात्यावर घेते, तुला पाचशे देते," तर काय करशील?

चोपड्याचा_कपाशीवाला
आत्ताच विचारलं. म्हणाली, "मैत्रीण कोणती, त्यावर आहे."
थांबा, तिच्याशी बोलून येतो.