नवा सुपरमॅन: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-४०२ काका: काल नातवाबरोबर नवा सुपरमॅन पाहिला. आम्ही राहुल टॉकीजला ७० एमएमच्या पडद्यावर क्रिस्टोफर रीव्हचा पाहिलेला. तो आला की वाटायचं, आता काही काळजी नाही. हा मुलगा तर सुरुवातीलाच मार खाऊन बर्फात पडलेला! पटलं नाही.

डी-३०३ दादा: काका, अगदी बरोबर. हेन्री कॅव्हिलला बदलायलाच नको होतं. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये काय दिसलाय तो. उंची, खांदे, सगळंच.

सी-१०१ ताई: उंचीचं म्हणशील तर हा नवा नट डेव्हिड कोरेन्स्वेट ६ फूट ४ इंच आहे, कॅव्हिलपेक्षा जास्तच.
काका, तो बर्फात पडलेला दिसला तिथेच मी या सिनेमाच्या प्रेमात पडले. दिग्दर्शक जेम्स गननं क्रिप्टन ग्रहाचा स्फोट, पाळण्यातलं बाळ हे सगळं परत दाखवलंच नाही. ते आपल्याला पाठ आहे. थेट दाखवलं की हा माणूस हरू शकतो आणि तरी उठून कामाला लागतो. एवढ्या मारामारीत तो एका खारीला वाचवायला वेळ काढतो! रीव्हच्या डोळ्यांत जो चांगुलपणा होता तो मला इथे पुन्हा दिसला. आणि दोघंही न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड या कलाशाळेत अभिनय शिकलेले.

सचिव: उद्या सकाळी ए आणि बी विंगची टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा.

डी-३०३ दादा: पण ती लाल चड्डी परत कशाला आणली?

सी-१०१ ताई: त्याचीच गोष्ट मला फार आवडते. गनचं नक्की होत नव्हतं. कोरेन्स्वेटनं त्याला सांगितलं की हा परग्रहावरचा, डोळ्यांतून आग ओकणारा माणूस, मुलांनी आपल्याला घाबरू नये असंच त्याला वाटणार, मग तो रंगीबेरंगीच कपडे घालेल. ज्या नटाला आपलं पात्र इतकं आतून कळलंय त्याची निवड चुकली असं मी म्हणणार नाही.

ए-२०१ काकू: लहान मुलांना न्यावं का गं? आमची पाच वर्षांची त्या कुत्र्यासाठी हट्ट धरून बसली आहे.

सी-१०१ ताई: काकू, क्रिप्टो धमाल आहे, पण खलनायक लूथर एका निरपराध माणसाला डोक्यात गोळी घालतो तो प्रसंग तिला झेपणार नाही. थोडी मोठी होऊ द्या.
निकोलस होल्टचा लूथर खरंच अंगावर येतो. होल्टनं आधी सुपरमॅनसाठीच ऑडिशन दिली होती. लूथरचा सगळा जळफळाट, लोक आपल्याऐवजी याच्यावर प्रेम का करतात हा, तो ओरडत नाही तेव्हाही चेहऱ्यावर दिसतो.

बी-४०२ काका: लूथर उत्तम, मान्य. ती नायिका लोइसही हुशार वाटली.

सी-१०१ ताई: रेचल ब्रॉस्नाहन! काका, तिनं घरात घेतलेली मुलाखत आठवा. प्रियकर समोर बसलाय, पण प्रश्न विचारताना ती फक्त पत्रकार. दुसऱ्या देशाच्या युद्धात पडलास, कुणाला विचारलंस का? तो चिडतो, अडखळतो, माणसं मरणार होती एवढंच पुन्हा पुन्हा सांगतो. उडणं नाही, स्फोट नाहीत, आणि सिनेमातला सर्वोत्तम प्रसंग तोच. याच दोघांच्या चुंबनदृश्याला आपल्या सेन्सॉरनं कात्री लावली याचा मला मनापासून राग आहे.
एक तक्रार आहेच. इतर सुपरहिरोंची गर्दी फार झाली. एडी गॅथेगीचा मिस्टर टेरिफिक भाव खाऊन जातो, पण हॉकगर्लच्या वाट्याला काहीच येत नाही.

डी-३०३ दादा: शूटिंग कुठलं? शहर खरं वाटतं.

सी-१०१ ताई: बरंचसं अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी सुपरमॅन रचला तेच शहर. १९३८ साली तो पहिल्यांदा कॉमिकमध्ये छापून आला.

बी-४०२ काका: हे माहीत नव्हतं. नातू परत चल म्हणतोय, जाईन त्याच्याबरोबर.

डी-३०३ दादा: मीही येतो काका. पण कॅव्हिल तो कॅव्हिलच.

सी-१०१ ताई: असू दे तुझा लाडका. फक्त मुलाखतीचा प्रसंग आला की मोबाइल खिशात ठेव.