मदत हवी आहे: स्टिअरिंगवरचं बटण आवाज वाढवायला दाबलं की कमी होतो

कोकणकडा:
२०१० ची पेट्रोल हॅचबॅक आहे, स्टिरिओ मूळचाच. स्टिअरिंगवर डावीकडे पाच बटणं आहेत: मोड, सीक पुढे, सीक मागे, आवाज अधिक, आवाज उणे. सध्याची लक्षणं:

आवाज अधिक दाबलं की बहुतेक वेळा काहीच होत नाही, कधीकधी चक्क आवाज कमी होतो. मोड दाबलं की स्टेशन पुढे सरकतं, अंगठा जोरात रेटला तर मोड बदलतो. बाकी तिन्ही बटणं ठणठणीत. पावसाळी हवेत त्रास जास्त, उन्हात गाडी तापली की कमी.

हॉर्न वाजतो. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि विझतो. गॅरेजमध्ये काही न उघडता क्लॉक स्प्रिंग बदला म्हणाले. ते खरंच गेलं असेल का? आणि एअरबॅगमागे घरी हात घालावा का? मल्टिमीटर आहे, वापरता येतो.

ओहमशांती:
क्लॉक स्प्रिंगवर खर्च करू नका, निदान मोजल्याशिवाय तरी. ती म्हणजे चकलीसारखी गुंडाळलेली चपटी केबल. एअरबॅग, हॉर्न आणि बटणं या सगळ्यांच्या वायरी तिच्यातूनच जातात. ती तुटायला लागली की बटणं स्टिअरिंगच्या ठरावीक कोनात बंद पडतात, हॉर्न मधूनच रुसतो, एअरबॅगचा दिवा लागून राहतो. तुमच्याकडे यातलं एकही लक्षण नाही. शिवाय तीन बटणं नीट आणि दोन बिघडलेली, हे केबलच्या दोषात सहसा होत नाही, कारण या पिढीच्या बहुतेक गाड्यांत पाचही बटणं त्याच दोन वायरींवर असतात.

दोन वायरींवर पाच बटणं चालतात ती रेझिस्टरमुळे. प्रत्येक बटण दाबल्यावर वेगळा रेझिस्टन्स जोडला जातो, त्यानुसार वायरवरचा व्होल्टेज बदलतो आणि त्यावरून स्टिरिओ बटण ओळखतो. बटणाखाली रबराची चटई असते, तिच्या टोकाला कार्बनची काळी टिकली. टिकलीवर घामाचा, हाताच्या तेलाचा किंवा डॅशबोर्ड पॉलिशचा थर बसला की तिचा स्वतःचा रेझिस्टन्स वाढतो आणि तो मूळ आकड्यात मिळतो.

एअरबॅगला हात न लावता हे तपासता येतं. स्टिरिओ बाहेर ओढा, मागचं सॉकेट काढा आणि बटणांच्या दोन वायरींवर मीटर लावून प्रत्येक बटणाचा रेझिस्टन्स घ्या. आधी हलकं दाबून, मग जोरात. वायरी कोणत्या ते डायग्राममध्ये बघा, अंदाजाने शोधू नका. नंतर दुसऱ्या कुणाला तरी चांगलं चालणारं बटण दाबून धरायला सांगा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आकडा कुठेही उडाला नाही तर क्लॉक स्प्रिंग निर्दोष. इंजिन बंद असल्याने स्टिअरिंग जड जाईल. पुढची चाकं जॅकने उचलून स्टँडवर ठेवलीत तर सोपं पडेल.

कोकणकडा:
मोजलं. ओहममध्ये:
मोड: हलकं दाबून ३०० ते ९००, सारखं हलतं. जोरात ६० च्या आसपास.
सीक पुढे: ३३५, स्थिर.
सीक मागे: १०००, स्थिर.
आवाज अधिक: हलकं दाबून २३०० ते २९००. जोरात १७५०.
आवाज उणे: ३१००, स्थिर.
आवाज उणे दाबून धरून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवलं, आकडा हलला नाही.

ओहमशांती:
मग निकाल लागला. क्लॉक स्प्रिंग ठीक आहे, दोन बटणांचे कॉन्टॅक्ट मळलेत.

तुमचेच आकडे घेऊन बघा. स्टिरिओच्या आत ५ व्होल्टला १ किलोओहमचा रेझिस्टर आहे असं धरू. गाडीनुसार हा आकडा वेगळा असेल, हिशेब तोच. मोडचे मूळ, मळाशिवायचे, ४० ओहम धरू, म्हणजे ०.१९ व्होल्ट. मळाने त्यात ३०० ची भर पडली की ३४०, म्हणजे १.२७ व्होल्ट. सीक पुढेचे ३३५ ओहम १.२५ व्होल्ट देतात. स्टिरिओला दोन्ही सारखेच, म्हणून तो स्टेशन पुढे ढकलतो. आवाज अधिकचे १७५० ओहम म्हणजे ३.१८ व्होल्ट, आवाज उणेचे ३१०० म्हणजे ३.७८. अधिक दाबल्यावर २३०० आले तर ३.४८ होतात, जे दोघांच्याही व्होल्टेजच्या हद्दीत बसत नाहीत, म्हणून काहीच घडत नाही. २९०० च्या पुढे गेलं की त्याला उणे समजलं जातं.

चूक नेहमी मोठ्या रेझिस्टन्सच्या बटणाकडे झुकते, उलट कधीच नाही. मळलेल्या कॉन्टॅक्टची यापेक्षा पक्की खूण नाही. पाचही बटणांचे आकडे सारख्याच ओहमने वाढलेले दिसले असते तर मात्र अर्थ वेगळा होता: सामाईक वायर, अर्थिंग किंवा हिरवी पडलेली पिन.

पाना_बारा:
आता एअरबॅगबद्दल, कारण बटणांचा संच काढायला ती उचलावीच लागते. स्टिअरिंगचा मधला नट सोडवायची गरज नसते. तो सोडवावा लागतोय असं वाटलं तर थांबा, रस्ता चुकलाय.

चाकं सरळ, चावी बाहेर. बॅटरीची निगेटिव्ह काढून टोक कापडात गुंडाळा. मग थांबा. एअरबॅगच्या युनिटमध्ये वीज साठवणारा कपॅसिटर असतो, बॅटरी काढल्यावरही तो थोडा वेळ भरलेला राहतो. टोयोटा ९० सेकंद सांगते, होंडा ३ मिनिटं. तुम्ही दहा मिनिटं थांबा, घाई कसली आहे? त्याआधी एक बघून ठेवा: मूळच्या काही स्टिरिओंना बॅटरी काढल्यावर कोड लागतो. तो पुस्तिकेतल्या कार्डावर असतो.

एअरबॅग दोन प्रकारे बसवलेली असते. एक, स्टिअरिंगच्या मागे दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या झाकणीखाली टॉर्क्स स्क्रू, बहुधा टी-३०. दोन, मागच्या भोकांतून आतली स्प्रिंगची तार चपट्या स्क्रू ड्रायव्हरने दाबायची. सुटली की हलकेच पुढे घ्या, ओढू नका, मागे वायरी आहेत. पिवळ्या सॉकेटवरचं लॉक आधी वर उचकटायचं, मग सॉकेट सरळ बाहेर येतं. लॉक न उचलता खेचाल तर तुटेल.

एअरबॅग ठेवताना कव्हरची बाजू वर, वर काहीही ठेवू नका, आणि नेताना कव्हर अंगापासून दूर धरा. तिच्या पिनांना मल्टिमीटर लावायचा नाही, कोणत्याही कारणाने नाही. मीटरचा करंटही धोक्याचा ठरू शकतो. आणि ती सुटी असताना चावी फिरवायची नाही. फिरवलीत तर फॉल्ट नोंदला जातो, दिवा लागून राहतो, आणि गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचे स्वस्तातले ओबीडी डोंगल बहुतेक फक्त इंजिनचे फॉल्ट पुसतात. एअरबॅगसाठी तशी सोय असलेला स्कॅनर लागतो.

हे वाचून छाती धडधडत असेल तर एवढं काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि संच घरी आणून साफ करा. त्यात कमीपणा नाही.

नारळपाणी:
एवढा खटाटोप कशाला? बटणांच्या फटीत डब्ल्यूडी-४० मारा, चालतं.

ओहमशांती:
काही दिवस चालतं, हो. मग तेलाच्या थरावर धूळ बसते आणि आधीपेक्षा वाईट होतं. सॅनिटायझरही नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. पेट्रोल आणि थिनर प्लास्टिक खातात.

लागतं ते थोडकं: ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर. अल्कोहोल मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. १०० मिलि भरपूर झालं. काडेपेटी आसपास नको.

संच उघडण्याआधी फोटो काढा. मागचं झाकण, सर्किट बोर्ड, रबराची चटई, बटणांच्या टोप्या असा क्रम असतो. बटणांत उजेड नेणारे पारदर्शक तुकडे टणकन उडून सीटखाली जातात, तेव्हा हे काम टेबलावर करा. चटई कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवा आणि पूर्ण वाळवा. टिकल्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर हलक्या घासा, कागदावर काळा डाग उमटेल तेवढंच, खसाखसा नाही.

बोर्डवर बघा. कॉन्टॅक्ट सोनेरी असतील तर पेन्सिलचं मऊ खोडरबर चालेल, मग अल्कोहोल. काळे असतील तर ती कार्बनची शाई आहे, तिथे फक्त काडी आणि अल्कोहोल. पॉलिश पेपर कुठेच नाही, शाईचा थर निघाला की बोर्ड बाद. पंधरा मिनिटं वाळू द्या आणि जोडण्याआधी संचाच्या पिनांवर पाचही आकडे पुन्हा घ्या. हलक्या दाबाला आकडा चटकन एका जागी थांबला पाहिजे.

साफ करूनही मोड ३०० दाखवत असेल तर टिकलीच झिजलीय. टिकलीच्या दोन कडांना मीटरची टोकं हलकेच टेकवा. दोनशेच्या आत असेल तर बरी, हजारांत असेल तर गेली. टीव्हीच्या रिमोटसाठी चिकटवायच्या कार्बन टिकल्या मिळतात, त्या चालतात, मात्र जाड घेतलीत तर बटण कायम दाबलेलं राहील. अॲल्युमिनियमची चांदी (फॉइल) चिकटवण्याचा उपाय नेटवर सगळीकडे दिसतो. चांदीवर ऑक्साइड चढतं आणि तिची कड बोर्डवरची शाई खरवडते.

कोकणकडा:
केलं. आवाज अधिकखाली तपकिरी चिकट थर होता, मोडखाली कमी. आता हलक्या दाबाला मोड ३८, आवाज अधिक १७२०, दोन्ही स्थिर. जोडताना काही लक्षात ठेवायचं?

पाना_बारा:
पिवळ्या सॉकेटचा टक् आवाज ऐका, मग लॉक आत दाबा. हॉर्नची वायर राहिली नाही ना बघा, ही विसरण्याची हमखास जागा. स्क्रूंना किती टॉर्क ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात मिळेल, साधारण १० न्यूटन-मीटर असतो. हाताने नीट बसवा पण पिळू नका. बॅटरी लावून पहिली चावी फिरवताना स्टिअरिंगसमोर बसू नका, बाजूने हात घाला. दिवा पाच-सहा सेकंद लागून विझला की झालं. खिडकीची ऑटो काच विसरली असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण दोन सेकंद धरून ठेवा, बऱ्याच गाड्यांत एवढ्याने जमतं.

रात्रपाळी:
धाग्यात घुसतोय. माझ्याकडे बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ आहे. बटणं साफ केली, मीटरवर आकडे सुरेख, तरी आता उलटसुलट चालतात. पूर्वी निदान निम्मी बरोबर चालत होती.

ओहमशांती:
कारण त्याला मळके आकडे शिकवलेले आहेत. सेटिंगमध्ये स्टिअरिंग की किंवा व्हील लर्निंग असं पान असतं, तिथे जुनं सगळं पुसा आणि प्रत्येक बटण पुन्हा शिकवा, नेहमीच्या दाबाने. इंजिन चालू ठेवून शिकवा. अशा स्टिरिओला मागे की-१, की-२ आणि अर्थ अशा तीन वायरी असतात. बसवणाऱ्याने अर्थची वायर डॅशबोर्डच्या पत्र्याला कुठेतरी पिळून दिली असेल तर दिवे, एसी चालू केल्यावर आकडे सरकतात. बटणांच्या मूळ अर्थच्या वायरला ती सोल्डर करून घ्या, आणि त्यानंतर परत एकदा शिकवा.