स्वतः कंपाईल केलेलं जीडाल डेबियनच्या क्यूजीआयएसला दिसत नाही

नकाशावही:
डेबियन १२ (लिनक्स), क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर पॅकेजमधलंच. हवाई छायाचित्रांच्या चाळीसेक ईसीडब्ल्यू (दाबून साठवलेल्या चित्रांचा फॉरमॅट) फायली उघडायच्या आहेत, पण क्यूजीआयएस ज्या लायब्ररीने फायली वाचतं त्या जीडालला, म्हणजे पॅकेजमधल्या आवृत्तीला, हा फॉरमॅट वाचता येत नाही. म्हणून जीडाल ३.८ आणि त्याच्यासाठी प्रोज ९.३ (निर्देशांकांची रूपांतरणं करणारी लायब्ररी) सोर्समधून कंपाईल करून यूएसआर-लोकलमध्ये टाकलं. टर्मिनलवर जीडालइन्फो फाईल व्यवस्थित वाचतं, क्यूजीआयएसला ती उघडतच नाही. लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारा एलडी-लायब्ररी-पाथ देऊन पाहिला, फरक शून्य. शेवटी नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या नावाने बोट दाखवणारी फाईल) दिली, तर क्यूजीआयएस सुरू होतानाच कोसळतं. दोन रात्री यात गेल्या. काय चुकतंय?

थर-रचना:
आधी ती सिमलिंक काढा, बाकीचं नंतर. डेबियन १२ चं क्यूजीआयएस जीडाल ३.६.२ वर बांधलंय, ते लिबजीडाल ३२ मागतं. तुमचं ३.८ म्हणजे लिबजीडाल ३४. नावच वेगळं, त्यामुळे पाथ कुठलाही द्या, लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) त्याच्याकडे बघणारच नाही. हा नंबर बदलतो तोच मुळी आतली रचना बदलली म्हणून. सिमलिंक देऊन तुम्ही ती खूण पुसलीत.

मला खरी काळजी प्रोजची वाटते. ९.१ असो की ९.३, दोन्हींचं नाव लिबप्रोज २५. डेबियनवर यूएसआर-लोकल आधी शोधलं जातं, म्हणजे तुमचं क्यूजीआयएस आत्ताही तुमचंच प्रोज वापरत असणार. क्यूजीआयएसवर एलडीडी (कुठली लायब्ररी कुठून येते ते दाखवणारी कमांड) चालवून प्रोजची ओळ बघा. यामुळे काही कोसळत नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

अख्खं जीडाल बदलू नका. बिल्ड फोल्डरमधल्या इन्स्टॉल मॅनिफेस्टवरून (टाकलेल्या फायलींची यादी) तुमचं जीडाल आणि प्रोज दोन्ही काढून टाका, लायब्ररींची नोंद ताजी करायला एलडीकॉन्फिग चालवा. मग ३.६.२ चाच सोर्स घ्या, सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी करणारं साधन) ईसीडब्ल्यू ड्रायव्हर प्लगइन म्हणून बांधायचा पर्याय चालू करा, ईसीडब्ल्यूच्या एसडीकेचा (तो फॉरमॅट वाचायला लागणारा लायब्ररी-संच) पाथ द्या. बिल्ड झालं की इन्स्टॉल करायचं नाही! फक्त ईसीडब्ल्यू प्लगइनची एसओ फाईल उचला, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि जीडाल-ड्रायव्हर-पाथ तिकडे वळवा.

अक्षांश७:
सहमत. एक भर: जीडाल-ड्रायव्हर-पाथ हा व्हेरिएबल बॅशआरसीत (टर्मिनलच्या सेटिंग्जची फाईल) लिहिलात तर मेनूतून उघडलेल्या क्यूजीआयएसला तो सहसा मिळत नाही. क्यूजीआयएसच्याच सेटिंग्जमध्ये, सिस्टिम टॅबखाली एन्व्हायर्नमेंट आहे, तिथे टाका. आणि प्रोजच्या डेटाचा फोल्डर सांगणारा प्रोज-डेटा व्हेरिएबल कुठे सेट करून ठेवला असेल तर तोही काढा. लायब्ररी एका आवृत्तीची आणि तिचा डेटाबेस प्रोज-डीबी दुसरीचा झाला की रूपांतरणं बिघडतात.

नकाशावही:
एलडीडीत प्रोज खरंच यूएसआर-लोकलमधलं निघालं. सगळं काढून ३.६.२ चं प्लगइन बांधलं. पहिल्यांदा सीमेकने प्रोजचे जुने हेडर कॅशमधून उचलले, बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा केल्यावर जमलं. चाळीसही फायली उघडतायत. दोघांचेही मनापासून आभार. जीडालचं पॅकेज आता होल्डवर टाकून ठेवू का, म्हणजे ते अपडेटच होणार नाही?

थर-रचना:
नको. डेबियन १२ असेपर्यंत जीडाल ३.६ वरच राहील आणि सुरक्षेचे अपडेट आलेले बरे. १३ वर जाल तेव्हा प्लगइन नव्याने बांधा, तोवर तो सोर्स आणि एसडीके जपून ठेवा.