स्लेटचं छप्पर उन्हाने विटलंय, पापुद्रे सुटतायत. लेप मारावा का?

प्रश्न
जुनं स्लेटचं, म्हणजे थरांच्या दगडाच्या पाट्यांचं, छप्पर आहे. दिवसभर ऊन लागणाऱ्या उतारावर पाट्या तपकिरी पडल्यात, काहींचे पापुद्रे निघतायत. पारदर्शक सिलिकॉनचा लेप मारला तर थांबेल का?

प्रतिसाद १
लेप अजिबात नको. रंग बदलणं आणि पाटी कुजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काही स्लेटमधलं लोहयुक्त कार्बोनेट हवापाण्याने गंजतं, त्याने तपकिरी छटा येते. तेवढ्याने पाटी कमकुवत होत नाही.

पापुद्रे सुटतात ते भिजण्या-सुकण्याच्या फेऱ्यांमुळे, आणि उन्हाच्या बाजूला या फेऱ्या जास्त. दगडातल्या पायराइटपासून (लोह-गंधकाचं खनिज) आम्ल तयार होतं, ते कॅल्साइटला (चुन्याचं खनिज) लागून जिप्सम हे पांढरं, मऊ खनिज बनतं. जिप्समला जागा जास्त लागते, म्हणून थर उकलतात. ओल जिथे रेंगाळते, म्हणजे पाटीच्या खालच्या अंगाला आणि वरच्या पाटीखाली झाकलेल्या भागात, हे जास्त होतं. वरचा लेप तिथे पोचत नाही, उलट फटी बुजवून ओल कोंडतो. माळ्यावर जाऊन बॅटरीने खालून बघा: पांढरी भुकटी, खपल्या आहेत का? मग बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत वाजली तर राहू द्या; बद्द वाजली तर बदला.

प्रश्नकर्ता
पाच-सहाच बद्द वाजतात. वरच्या ओळी न उचलता बदलता येतात?

प्रतिसाद २
येतात. टोकाला आकडे असलेलं लांब चपटं हत्यार, रिपर, पाटीखाली सरकवा, खिळ्याला अडकवा आणि हातोडीने खालच्या दिशेला ठोकून खिळा तोडा. तेवढ्याच जाडीची नवी पाटी सरकवा. वरच्या दोन पाट्यांमधल्या फटीतून, त्याही वरच्या ओळीच्या कडेखाली 5 सेंमीवर, तांब्याचा एकच खिळा मारा. डोकं पाटीला टेकलं की थांबा. आवळून ठोकलात तर तिथूनच चीर जाते. खिळ्यावर साधारण 8 × 20 सेंमीचा तांब्याचा पत्रा किंचित वाकवून त्याच फटीखाली सरकवा, म्हणजे तो घसरत नाही. पाट्यांवर पाय देऊ नका, आढ्याला अडकणारी शिडी वापरा.

प्रतिसाद ३
ठोकाठोकीआधी दगडच आहे ना, ते पाहा. सिमेंटच्या जुन्या पाट्या हुबेहूब दिसतात आणि त्यांत ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक असे तंतू) असू शकतं.

छपराच्या सांध्यांवर पाणी अडवायला शिशाचे पत्रे असतील तर तेही तपासा, उन्हाचा खरा मार त्यांना बसतो. तापमानातल्या 50 अंश सेल्सिअसच्या फरकाने 1.5 मीटर शिसं दोन मिलिमीटरहून जास्त वाढतं. लांब तुकडा दोन्हीकडून जखडला असेल तर तडकणारच. बदलताना 1.5 मीटरच्या आतले तुकडे एकमेकांवर चढवून बसवा आणि फक्त वरची कड खिळा.