पहिलं वैयक्तिक सुवर्ण २००८चं नव्हे

भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण नेमबाज अभिनव बिंद्राचं, २००८चं, असं म्हटलं जातं. ऑलिंपिकपुरतं ते खरंच आहे. पण पॅरालिंपिक, म्हणजे दिव्यांग खेळाडूंचं ऑलिंपिक, धरलं तर मान मुरलीकांत पेटकरांचा. सांगली जिल्ह्यातला हा जवान लष्करात बॉक्सिंग करायचा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि चालणं गेलं. उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले, आणि १९७२ला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये विश्वविक्रमासह सुवर्ण!

स्पर्धा कुठे झाली तेही बघा. ऑलिंपिक म्युनिकला, पॅरालिंपिक मात्र हायडेलबर्गला. कारण म्युनिकचं क्रीडाग्राम ऑलिंपिक संपताच घरांसाठी द्यायचं होतं, या खेळाडूंसाठी ते थांबलं नाही. १९६४च्या टोकियोनंतर दोन्ही स्पर्धा पुन्हा एकाच शहरात व्हायला १९८८चं सोल उजाडावं लागलं, तिथे मैदानंही तीच होती.

पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ला, म्हणजे ४६ वर्षांनी. अर्जुन पुरस्कार तर २०२५च्या जानेवारीत. याचा मला आजही राग येतो. त्यांच्याच जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकला गोळाफेकीत रौप्य जिंकलं, तेव्हा कौतुकाला इतकी वर्षं लागली नाहीत. एवढा फरक पडलाय खरा. पण शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘पहिले सुवर्ण’ या ओळीत पेटकरांचं नाव कधी येणार?