भाड्याच्या मोटारींच्या सेवेतून माहिती फुटली. कंपनीच्या आश्वासनावर किती विसंबावे?

प्रश्न – पौडरोडवाले
मी माझी मोटार एका भाडेसेवेच्या ॲपवर नोंदवलेली आहे. ग्राहकांची नावे, मोबाइल क्रमांक, पत्ते आणि वाहन क्रमांक परक्या हाती गेले असले, तरी पासवर्ड व बँकेचे तपशील सुरक्षित असल्यामुळे काळजीचे कारण नाही, असा ईमेल त्या सेवेने पाठवला आहे. हे खरे मानून स्वस्थ बसावे का?

प्रतिसाद – नेने
बसू नये. जून २०२५ मध्ये झूमकार या मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या सुमारे ८४ लाख ग्राहकांची जवळपास हीच माहिती फुटली होती, आणि तेव्हाही पासवर्ड व आर्थिक तपशील गेल्याचा पुरावा नाही, असेच सांगण्यात आले. माझ्या मते खरा धोका वाहन क्रमांक आणि मोबाइल क्रमांक एकत्र सापडण्यात आहे. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल) येते. सोबतच्या मजकुरात आपल्याच गाडीचा क्रमांक असला, की एरवी सावध असणारा माणूसही ती उघडतो. फाइल इन्स्टॉल करून एसएमएस वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर भामट्यांकडे जातो, मग पासवर्ड फुटला नव्हता याचे समाधान ते काय! चलन खरे आहे की नाही, हे परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहावे. संदेशातल्या दुव्यावरून कदापि जाऊ नये.

प्रतिसाद – सौ. देवधर
वाहन चालवण्याच्या परवान्याच्या प्रतीचे काय झाले, हे कंपनीला लेखी विचारा. हर्ट्झ या मोटारी भाड्याने देणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात काही ग्राहकांच्या परवान्यांचे तपशीलही गेले होते, आणि तेही क्लिओ या बाहेरच्या पुरवठादाराच्या फाइल-हस्तांतरण प्रणालीतल्या त्रुटीमुळे. पासवर्ड बदलता येतो. परवान्याचा क्रमांक तसा बदलून मिळत नाही.

प्रतिसाद – अ. कुलकर्णी
कायद्याबाबत थोडेसे. अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे कंपन्यांवर २०२२ पासून बंधनकारक आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, मात्र तो दंड ग्राहकाच्या खिशात येत नाही. तेव्हा तो ईमेल जपून ठेवा, आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.